हसतमुख रुग्णाचा सत्कार

आजारी माणसाला सुविचार ऐकवणाऱ्याला दंड करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मला स्तनाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, केमो झाल्या, आणि आता मी बरी होऊन कॉलेजच्या ऑफिसात परत माझ्या टेबलाशी बसते. त्या सगळ्या काळात मला गोळ्यांपेक्षा सुविचारांचेच डोस जास्त मिळाले. गोळ्यांनी मी बरी झाले. सुविचारांनी माझा जीव जायची वेळ आणली होती, आणि हे मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. ज्यांच्या घरी हे दुखणं नुकतंच आलंय, त्यांनी तरी वाचावं म्हणून लिहायला बसले.

फळा

आम्ही जालन्यात राहतो. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, मारुतीच्या देवळाला लागून, सिमेंटच्या चौकटीत बसवलेला एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहिला जातो, आणि तो लिहायचं काम कितीतरी वर्षं आमच्या घरात आहे. माझे यजमान सुधाकरराव विमा कार्यालयात नोकरीला आहेत. सकाळी अंघोळ झाली की ते रंगीत खडूंचा डबा आणि ओलं फडकं घेऊन निघतात. अक्षर देखणं आहे, खाली एखादं फूल किंवा पणती काढायची हौसही आहे. सुविचार बहुतेक त्यांच्याच डोक्यातून निघालेले असतात, आणि याचा त्यांना मोठा अभिमान आहे.

फिरायला निघालेले लोक थांबून तो वाचतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. कुणाचा मुलगा बारावी झाला, कुणाकडे बारसं झालं, की त्या प्रसंगाला साजेसं काहीतरी फळ्यावर येतं. कुणी गेलं तर त्या दिवशी नुसता पांढरा खडू. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरच्या प्रसंगावरचे सुविचार वाचायला छानच वाटतात.

रिपोर्टचा दिवस

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. डॉक्टर सांगत होते आणि मला एकदम आठवलं, की घरी ओट्यावर दूध उघडंच राहिलंय, मांजर तोंड घालणार. पुढचं बरंच काही मी ऐकलंच नाही. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर थांबले आणि म्हटलं, "अहो, मला फार भीती वाटतेय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "शोभा, हसणाऱ्या माणसाच्या दारात दुखणं फार वेळ थांबत नाही."

मी तिथंच चप्पल काढून हातात घेतली असती तरी चाललं असतं. पण त्या क्षणी मला रागसुद्धा आला नाही. वाटलं, बिचारे मला समजावताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाक्य पिवळ्या आणि गुलाबी खडूत फळ्यावर होतं. खाली कमळ. कमळाखाली बारीक अक्षरात, 'आपल्या कॉलनीतील सौ. शोभाताई कर्करोगाशी हसत लढत आहेत. आपणही शिकू या.'

मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. माझी आई परतूरला असते. तिला कसं सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात करत होते, तोवर तिच्या शेजारणीच्या मोबाईलवर फळ्याचा फोटो पोचलाही होता. आईचा फोन आला तेव्हा ती बोलतच नव्हती, नुसती रडत होती. पोटच्या मुलीला कर्करोग झालाय हे तिला कमळाच्या चित्राखाली वाचावं लागलं.

मी ह्यांच्यावर ओरडले. ते खरंच गोंधळले. "लोकांना प्रेरणा मिळते, त्यात चिडण्यासारखं काय आहे?" असं म्हणाले आणि खडूंचा डबा जागेवर ठेवून ऑफिसला गेले.

असं नाही हं म्हणायचं

मग लोक यायला लागले. प्रत्येकजण एक नारळपाणी आणि एक वाक्य घेऊन येत होता. नारळपाण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकानं सांगितलं, मनानं ठरवलं की शरीराला ऐकावंच लागतं. एकीनं सांगितलं, देव त्यालाच संकट देतो ज्याचे खांदे मजबूत असतात. म्हणजे मी लेचीपेची असते तर वाचले असते का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. आणि एक बाई तर सोफ्यावर बसून, बिस्कीट चहात बुडवत मला म्हणाल्या, "तुम्ही फार मनात साठवून ठेवता ना, त्याचीच गाठ होते." आजार मला झाला, आणि तो करून घेतल्याचं खापरही माझ्याच डोक्यावर.

यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल, तर "असं नाही हं म्हणायचं" या वाक्याची. मी म्हटलं थकले, की असं नाही हं म्हणायचं. मी म्हटलं हाडं ठणकताहेत, की असं नाही हं म्हणायचं. थोड्याच दिवसांत मला कळलं, की मी बरी आहे असं सांगितल्याशिवाय या बायका उठतच नाहीत. मग मी दार उघडतानाच हसून सांगायला लागले, "मस्त आहे." लोक लवकर जायचे. जाताना म्हणायचे, शोभाताईंकडे आलं की आपल्यालाच बळ मिळतं. माझं बळ जात होतं त्याचं कुणाला काय?

केस गेले त्या आठवड्यात फळ्यावर आलं, 'केस गळतात, तेज गळत नाही.' आता कॉलनीच्या टोकाला इस्त्रीवाल्यालाही माझ्या डोक्याची खबर होती.

गयाबाई

केमो संभाजीनगरला होत्या. मोठा हॉल, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा स्टँड. घरापेक्षा मला तिथं बरं वाटायचं, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तिथं कुणी कुणाला धीर देत नव्हतं. सगळ्यांनाच मळमळत होतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत गयाबाई नावाच्या बाई असायच्या, अंबड तालुक्यातल्या, अंतरवाली सराटीच्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसायच्या. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "लई कसंतरी होऊन राह्यलं का?"

मी सवयीनं म्हटलं, "नाही, मस्त आहे."

त्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं. "मस्त? मला तर काल घास न्हाई गेला. रडून रडून जीव नको झाल्ता. तुम्ही रडता का न्हाई?"

"घरी रडता येत नाही," मी म्हटलं.

"मंग इथं रडून घ्या. इथं कोन वळखतंय आपल्याला?"

आणि मी रडले. हुंदके देऊन रडले. नर्स आली, तिनं सलाईन नीट चालू आहे ना ते पाहिलं, माझ्या मांडीवर कागदी रुमाल ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. एक शब्द बोलली नाही. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. गयाबाई म्हणाल्या, "आता बराबर," आणि डोळे मिटून पडल्या.

आमच्या डॉक्टरीणबाई फार कमी बोलायच्या. त्यांनी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. केमोनंतर अंगातली लढायची ताकद खाली जाते, तेव्हा साधा तापही जिवावर बेतू शकतो. ताप शंभरच्या वर गेला की वाट पाहायची नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही, लगेच इथं यायचं. ह्यांनी ते माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं. मान हलवली होती.

कांचनभाभी

कांचनभाभी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात आहेत, मूळचे राजस्थानचे, बियाण्यांचा मोठा व्यवहार. बाई मनानं फार चांगली. केमोच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून मऊ मुगाची खिचडी यायची, बिनफोडणीची, कारण फोडणीच्या वासानं मला उलटी व्हायची आणि ते त्यांनी विचारून घेतलं होतं. विचारून घेतलं होतं, हे महत्त्वाचं. इतक्या लोकांत तेवढं त्यांनीच विचारलं.

पण त्याच कांचनभाभींच्या डोक्यात आलं, की माझा सत्कार करायचा. "भाभी, तुम्ही बिलकुल कमाल आहात," त्या मला म्हणाल्या, "इतक्या मोठ्या आजारात चेहऱ्यावर आठी न्हाई. आमच्या सुनांना दाखवायचंय, हिंमत काय चीज असते." हॉल ठरला. प्रमुख पाहुण्या ठरल्या. फळ्यावर निमंत्रण आलं, 'हसतमुख रुग्णाचा सत्कार'. हे शब्द ह्यांचे. ते इतके खूश होते, की मला नाही म्हणवलं नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी मला कणकण होती. तोंड कडू पडलं होतं, थंडी वाजत होती. ताप मोजला तर शंभराच्या वर. मी ह्यांना म्हटलं, "ताप आहे. दवाखान्यात निघू या."

हे झब्ब्याला इस्त्री करत होते. "किती आहे?"

मी सांगितलं.

"उन्हातून आलीस, त्याचा असेल."

"मी उन्हात गेलेच नाही."

"शोभा, तासाभराचा कार्यक्रम आहे. लोक आलेले असतील. तेवढं झालं की निघू, गाडी सांगून ठेवतो. आणि हे बघ, मन खंबीर ठेवलं की—"

"पुढचं बोलू नका," मी म्हटलं. त्यांची इस्त्री चालूच होती. आणि मी साडी नेसले. का नेसले, असं मला नंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं. इतके महिने सगळ्या गावानं माझ्या चेहऱ्यावर हसू चिकटवलं होतं, ते ओरबाडून काढायची ताकद त्या सकाळी माझ्यात नव्हती, दुसरं काय.

माईक

स्टेजवर पंखा होता आणि माझे दात वाजत होते. अंगावर शाल घातली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं, इतकी थंडी. हातात नारळ आणि फुलांचा गुच्छ. केमो चालू असताना ताजी फुलं जवळ नको, असं सांगितलेलं होतं. प्रमुख पाहुण्या माझ्याबद्दल बोलत होत्या. त्या मला त्याच दिवशी पहिल्यांदा भेटल्या होत्या. आजार हा पाहुणा आहे, त्याचं हसून स्वागत करा म्हणजे तो हसून निघून जातो, असं त्या म्हणाल्या. बायका टिपून घेत होत्या.

मग माझ्या हातात माईक दिला. मी उभी राहिले. समोरच्या खुर्च्या हलत होत्या. मी म्हटलं, "मला ताप आहे. ताप आला की लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन चला."

आणि टाळ्या पडल्या.

खोटं सांगत नाही. टाळ्या पडल्या. निवेदन करणारी मुलगी दुसऱ्या माईकवरून म्हणाली, "बघा, अंगात ताप असतानाही ताई आपल्यासाठी इथं उभ्या आहेत." टाळ्या आणखी वाढल्या. कांचनभाभी डोळे पुसत होत्या. हे पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मरायला टेकले होते आणि माझा नवरा टाळ्या वाजवत होता. आजही ते डोळ्यांसमोर आलं की माझं डोकं भणभणतं.

ह्यांची मोठी बहीण भोकरदनला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती सकाळच्या एसटीनं खास कार्यक्रमाला आली होती. ती दुसऱ्या रांगेतून उठली, सरळ स्टेजवर चढली आणि माझ्या गालाला उलटा हात लावला.

"अगं बया, फणफणून राह्यली ही." तिनं माझ्या हातातला माईक घेतला. "टाळ्या बंद करा आधी. कोनाची गाडी हाये बाहेर?"

अक्कानं खाली पाहिलं. "सुध्या, टाळ्या काय वाजवतो? बायको काय म्हणली ते ऐकू न्हाई आलं का तुला?"

कांचनभाभींचा चेहरा खर्रकन उतरला. पण पुढं काय करायचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. "माझी गाडी आहे. चला, जल्दी," म्हणत त्या पायऱ्या चढून आल्या आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं मला धरलं. गाडीत मी अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून होते. बदनापूरच्या पुढचं मला काही आठवत नाही.

काचेच्या अलीकडे

मला काचेआडच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. काय काय चढवलं ते सांगत बसत नाही. डॉक्टरीणबाई ह्यांना एवढंच म्हणाल्या, "अजून थोडा उशीर केला असता तर मी काही करू शकले नसते." मला नुकतीच शुद्ध आली होती, दार उघडं होतं, मी ऐकलं.

त्यानंतर बऱ्याच वेळानं ह्यांना आत सोडलं. तोंडाला मास्क, पायात कापडी पिशव्या. खुर्चीवर बसले. मला वाटलं आता एक वाक्य येणार. मी आधीच सांगितलं, "एक जरी सुविचार बोललात ना, तर मी बेल वाजवून तुम्हाला बाहेर काढीन."

ते मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "मला दुसरं काही सुचतच न्हाई शोभा. त्या दिवशी पायऱ्यांवर तू म्हणलीस भीती वाटते. तेव्हा माझेच पाय कापून राह्यले होते. तू गेलीस तर मी काय करू, हेच डोक्यात. मंग काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. लिहिलं की जरा वेळ बरं वाटायचं."

"तुम्हाला बरं वाटायचं," मी म्हटलं.

"हो."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? मला भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं. दोघं मिळून घाबरलो असतो. मी एकटी घाबरत बसले, आणि वर हसत बसले."

ते रडले. मास्क ओला झाला तर बदलावा लागतो, म्हणून त्यांना बाहेर जावं लागलं. मी त्यांना जाऊ दिलं. लोक विचारतात, आता सगळं मिटलं का? मिटलं नाही. माणूस वाईट नाही, माझा आहे, आणि उरलेल्या प्रत्येक केमोला तो माझा हात धरून, एक शब्दही न बोलता बसला. पण टाळ्यांचा राग अजून आहे आणि तो राहणार. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, मी सुखरूप परत आले हे फळ्यावर लिहू का? मी नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं नाही.

गयाबाईंशी अजून फोनवर बोलणं होतं. फोन उचलला की त्या नमस्कारसुद्धा म्हणत नाहीत, पहिला प्रश्न, "आज काय दुखून राह्यलं?" मी सांगते. मग त्या सांगतात. दोघींचं सांगून झालं की कापसाच्या, सुनेच्या गप्पा सुरू होतात.

राजूरची दोघं

गेल्या महिन्यात राजूरहून एक जोडपं माझ्याकडे आलं. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. बाई पस्तिशीच्या आतबाहेर असेल, डोक्याला स्कार्फ, दोन केमो झालेल्या. नवरा हातात गणपतीच्या प्रसादाची पुडी घेऊन बसला होता. तिच्या चेहऱ्यावर सारखं हसू होतं. ते हसू मी ओळखलं, कारण मी ते स्वतः महिनोन्‌महिने घातलं होतं.

"ताई," नवरा म्हणाला, "हिला धीराचे दोन शब्द सांगा. तशी ती लई खंबीर हाये. एकदा पन तक्रार केली न्हाई तिनं. लोक म्हणतात, हिच्याकडून शिकावं."

मला एकदम संताप आला. त्या माणसाचा नाही, तो बिचारा तिला एवढ्या लांबून घेऊन आला होता. त्या खंबीर शब्दाचा आला. मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे शब्द नाहीत भाऊ." आणि माझी खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली.

"काय दुखतंय तुला?" मी विचारलं.

"काही न्हाई ताई, मस्त हाये."

"मला मस्त सांगू नको. काय दुखतंय?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघ. हसू तसंच होतं, पण हनुवटी थरथरायला लागली.

"तोंडात फोड आलेत," ती म्हणाली. "आख्ख्या तोंडात. पानी पेलं तरी आग होती. भाकर तर गिळवतच न्हाई. मी समदे जेवल्यावर माझं ताट गुपचूप गाईला घालून राह्यले."

नवऱ्याच्या हातातली पुडी तशीच राहिली. तो तिच्याकडे बघत होता.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पहिल्या सलाईनपासून," ती म्हणाली.